परीक्षक क्रमांक दोन यांस

आपली टिपणं मिळाली.
इंग्रजी उत्तर सोमवारी पाठवीन, रीतसर,
आभाराच्या ओळीने सुरू होणारं.
त्याआधी हे मराठीत मांडून बघते,
जतच्या सरकारी दवाखान्यात, रात्री साडेनऊला.
लाइट गेलीय. इन्व्हर्टरवर
मॉनिटर आणि एक पंखा, तोही कुरकुरत.

नमुना एवढा लहान का, विचारता.
त्रेचाळीस. कारण जूनमध्ये फिल्म संपल्या.
मागणीपत्र सांगलीला गेलं, तिथून पुण्याला,
पुण्याहून प्रश्न आला: आधीच्या फिल्म कुठे गेल्या?
माणसांच्या छातीत बघायला गेल्या, साहेब,
हे लिहिलं नाही. रकाना छोटा होता.
तेव्हापासून आमचा तंत्रज्ञ, मलकारी,
पडद्यावरचा एक्स-रे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर काढून देतो.
साधा फोन असेल त्याला कागदावर
दोन फुप्फुसं काढतो हाताने,
डाग असेल तिथे पेनाचं गिरगटणं.
'मर्यादा' या विभागात मी त्याला
पर्यायी नोंद म्हटलंय.

उशीर म्हणजे कुठून कुठपर्यंत?
चांगला प्रश्न आहे.
बटण दाबल्यापासून माझी सही होईपर्यंत, असं मी धरलं.
तीन तालुक्यांना मी एकटी.
मंगळवार-शुक्रवार जत, मग आटपाडी, कवठेमहांकाळ,
एसटीत मांडीवर पाकिटं.
नागज फाट्यावर गाडी चहाला थांबते
तेवढ्यात खिडकीच्या काचेला लावून
चार छात्या वाचून होतात.
पण संखच्या इरव्वा बिराजदार म्हणाल्या,
उशीर खोकल्यापासून मोजा, बाई.
खोकला कधीपासून?
बेंदरापासून.
कुठल्या बेंदरापासून, ते त्यांना आठवेना,
आणि तक्ता तारीख मागतो.

आता क्रमांक एक्केचाळीस.
सत्त्याण्णव दिवस हा टोकाचा आकडा,
सरासरी बिघडवतो, वगळावा, असं आपण लिहिलंत.
वगळून पाहिला. अकराची नऊ होते.
नऊ कुठल्याही परिषदेत शोभून दिसेल.

एक्केचाळीस म्हणजे लगमण्णा ऐवळे, वय चौतीस,
खडी क्रशरवर बारा वर्षं.
टीबीच्या गोळ्या आधीच सुरू झाल्या होत्या,
कारण टीबीचा फॉर्म आहे इथे,
धुळीचा नाही.
मग माझी रजा. मग त्याची फिल्म
दुसऱ्याच लगमण्णाच्या पाकिटात निघाली.
वरच्या भागात, दोन्हीकडे, बारीक दाणे.
पुस्तक त्याला हिमवादळ म्हणतं.
जतला हिम कुणी पाहिलंय?
शाळूच्या कणसात दाणा भरू लागतो, तसे होते ते,
फक्त कुणी पेरलेले नव्हते.
गोळ्या बंद करण्याची चिठ्ठी त्याने घडी करून
टोपीत ठेवली. सदऱ्याला खिसा नव्हता.

'पाठपुराव्यातून निसटलेले: एक.'
याची व्याख्या हवीय आपल्याला.
या मंगळवारी तो इथेच होता,
बाहेरच्या बाकावर, दोन पायऱ्या चढून दम खात.
मी शेजारून दोनदा गेले.
छाती दाखवा, ओळखीन; चेहरा मला येत नाही.
मलकारी हळूच म्हणाला,
मॅडम, सत्त्याण्णव दिवस बसलेत.

तेव्हा, सरासरीसोबत मध्यक देते, सात दिवस.
आपला तेवढा सल्ला पटला.
एक्केचाळीस ठेवते.

धोरणासाठी शिफारस, एका वाक्यात, मागितलीत.
तासभर झाला. वाक्य होत नाही.
लाइट आली, पंखा एकदम फिरला,
तक्त्याची पानं खोलीभर.
मलकारी गोळा करतोय, क्रम न लावता.
आतापर्यंत एवढंच जमलंय:
रकाना मोठा करा.

ता. क. मंगळवारी तो स्वतःसाठी आला नव्हता.
लेक शाळेत पडली होती, मनगट सुजलेलं.
हाड शाबूत निघालं.
तो अहवाल मी उभ्याउभ्या दिला, चार मिनिटांत.
त्रेचाळीसात तो धरलेला नाही.